माटिया कॅम्पचं इन्स्पेक्शन: नळाला पाणी नाही हे कोर्टापर्यंत कसं पोचलं

२६ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टात न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्यासमोर एक रिपोर्ट आला. आसामच्या गोलपारा जिल्ह्यात माटिया म्हणून ठिकाण आहे, तिथल्या डिटेन्शन सेंटरबद्दलचा, म्हणजे परदेशी ठरवलेल्यांना जिथे कोंडून ठेवतात त्या जागेबद्दलचा. रिपोर्ट वाचून कोर्ट वैतागलं. पाणी पुरेसं नाही, ड्रेनेज-सफाईची धड व्यवस्था नाही, टॉयलेट नीट नाहीत, आणि जेवण कसं मिळतं, आजारी पडलं तर डॉक्टर मिळतो का याबद्दल तर रिपोर्टमध्ये काहीच नाही. मग कोर्टाने ज्यांनी रिपोर्ट दिला त्यांनाच परत जायला सांगितलं, आणि या वेळी काय बघायचं तेही लिहून दिलं: जेवण किती देतात, कसं देतात, किचन स्वच्छ आहे का. मुदत तीन आठवडे.

मला या केसमध्ये इंटरेस्ट आहे तो या "परत जा" साठी. डिटेन्शन सेंटरवर आपल्याकडे लिहिलं जातं ते सगळं एनआरसी (नागरिकांची नोंदवही), सीएए (नागरिकत्व दुरुस्ती कायदा), घुसखोर-निर्वासित या भांडणात अडकलेलं असतं, दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि आतल्या नळाला पाणी येतं की नाही हा प्रश्न कुणाच्याच कामाचा नसतो. पण आत कोण जातं, काय बघतं, कुणाशी बोलतं आणि तो कागद शेवटी कुणाच्या टेबलावर पडतो, यावर बरंच काही ठरतं. माटियाची केस त्यासाठी चांगली आहे कारण याच राज्यात, याच प्रकारच्या लोकांसाठी, सहा वर्षं आधी एक इन्स्पेक्शन झालं होतं आणि ते बासनात गेलं. हे दुसरं मात्र हललं.

आधी जागेबद्दल. माटिया गुवाहाटीपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर. केंद्राच्या पैशाने बांधलेला कॅम्प, खर्च ४६ कोटींच्या आसपास, चार मजली १५ इमारती, कपॅसिटी ३००० माणसांची. बाहेरची भिंत वीस फुटांच्या आसपास, आत अजून एक कमी उंचीची भिंत, वॉचटॉवर वगैरे. काम सुरू झालं २०१८ च्या शेवटी. ३१ ऑगस्ट २०१९ ला एनआरसीची फायनल यादी आली आणि १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली, तेव्हा इथे बांधकाम जोरात चालू होतं. त्या वेळी पत्रकारांना असे मजूर भेटले की ज्यांचं स्वतःचं नाव यादीत नव्हतं. म्हणजे रोजंदारीवर विटा उचलतायत आणि डोक्यात हे की उद्या आपल्यालाच इथे आणून टाकतील का.

ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने नोटिफिकेशन काढून डिटेन्शन सेंटरचं नाव "ट्रान्झिट कॅम्प" केलं. पहिले ६८ जण जानेवारी २०२३ मध्ये आत आले.

त्याआधी काय होतं? जेल. २००९ च्या आसपासपासून आसाममध्ये डिटेन्शन सेंटर म्हणजे जेलमधलाच एक कोपरा. गोलपारा, कोक्राझार, तेजपूर, सिलचर, जोरहाट, दिब्रुगड अशी सहा. फॉरेनर्स ट्रिब्युनलने (माणूस परदेशी आहे का ते ठरवणारं न्यायाधिकरण) एखाद्याला परदेशी ठरवलं की पोलीस उचलणार आणि या कोपऱ्यात ठेवणार, हद्दपार करेपर्यंत. आता गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की यातले कितीतरी लोक स्वतःला भारतीयच म्हणतात, बांगलादेश त्यांना आपलं म्हणत नाही, मग पाठवणार कुठे? त्यामुळे "हद्दपार करेपर्यंत" याला शेवटच नाही. खून केलेल्या माणसाला पण माहीत असतं की आपल्याला जन्मठेप झालीय, माफी वगैरे धरून कधीतरी बाहेर पडू. याला तेवढंही माहीत नाही.

पहिलं इन्स्पेक्शन या जेलवाल्या काळातलं. जानेवारी २०१८. हर्ष मंदर, पूर्वीचे आयएएस, तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अल्पसंख्याकांसाठीचे स्पेशल मॉनिटर होते. आयोगाच्या अधिकाऱ्यांसोबत ते गोलपाराला आणि कोक्राझारला गेले. कोक्राझारला बायका, गोलपाराला पुरुष. त्यांनी जे लिहिलं त्यात भिंतीचा रंग उडालाय टाइप मुद्दे कमी आणि माणसांचं काय झालंय ते जास्त होतं. नवरा एका जेलमध्ये, बायको दुसऱ्या, आणि मुलगा सहा वर्षांचा झाला की आईपासून वेगळा. कोक्राझारच्या काही बायका जवळजवळ दहा वर्षं साधारण पाचशे चौरस मीटरच्या आवारात, त्याच्या बाहेर पाऊलच नाही. पाचशे चौरस मीटर म्हणजे पाच गुंठे. गावाकडच्या माणसाला लगेच डोळ्यासमोर येईल, पाच गुंठ्यात माणूस दहा वर्षं काय करत असेल.

अजून एक मुद्दा त्यांनी पकडला होता तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या लोकांसाठी वेगळे नियमच नव्हते, म्हणून जेल प्रशासन आसाम जेल मॅन्युअल लावायचं. पण ते सुद्धा निम्मंच. शिक्षा झालेल्या कैद्याला पॅरोल मिळतो, काम मिळतं, कामाचे थोडे पैसे मिळतात. डिटेनीला यातलं काही नाही, का तर तो कैदी नाही. म्हणजे कैद्याची बंधनं लागू, कैद्याचे हक्क मात्र नाहीत. घरात कुणी वारलं तरी सोडायचं नाही. वकील? बहुतेकांना नव्हताच किंवा असून नसल्यासारखा.

मग काय झालं त्या रिपोर्टचं? मंदर यांचं म्हणणं असं की आयोगाला रिपोर्ट दिला, आठवण करून देणारी पत्रं लिहिली, उत्तर नाही. जून २०१८ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि रिपोर्ट स्वतःच जाहीर केला. आयोगाचे अधिकार कागदावर तसे कमी नाहीत, १९९३ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये जेल किंवा राज्य सरकारच्या ताब्यातली अशी कुठलीही जागा बघायचा अधिकार आहे, आणि आधी राज्य सरकारला कळवून जायचं अशी अट होती ती सुद्धा २००६ च्या दुरुस्तीत काढून टाकली. पण बघून झाल्यावर आयोग करणार काय, तर शिफारस. शिफारस मानली नाही तर पुढची तारीख नसते. इन्स्पेक्शनच्या जगात हा सगळ्यात मोठा फरक आहे, पुढची तारीख आहे की नाही.

नंतर मंदर सुप्रीम कोर्टात गेले. तिथेही प्रकरण सरळ गेलं नाही. मे २०१९ मध्ये त्यांनी तत्कालीन सरन्यायाधीश रंजन गोगोई यांनीच या केसमधून बाजूला व्हावं अशी मागणी केली, कोर्टाने ती फेटाळली आणि उलट मंदर यांचंच नाव याचिकेतून काढून सुप्रीम कोर्ट लीगल सर्व्हिसेस कमिटीला याचिकाकर्ता केलं. पण १० मे २०१९ ला त्याच केसमध्ये आदेश आला की तीन वर्षांपेक्षा जास्त आत असलेल्यांना सोडता येईल. अटी काय, तर एक-एक लाखाचे दोन जामीनदार, बायोमेट्रिक, पक्का पत्ता आणि दर आठवड्याला पोलीस स्टेशनला हजेरी. ज्याला परदेशी ठरवलंय आणि ज्याच्या घरचे बहुतेक शेतमजुरी, रिक्षा, वीटभट्टी यावर जगतात त्याने एक लाखाचे दोन भारतीय जामीनदार आणायचे! एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे तीनची दोन वर्षं केली आणि लाखाचे पाच हजार. तेव्हा कुठे जरा माणसं बाहेर यायला लागली.

मधल्या काळात मृत्यू होतच होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनेच राज्यसभेत सांगितलं की सहा सेंटरमध्ये मिळून ९८८ लोक आहेत आणि २०१६ पासून २८ जण सेंटरमध्ये किंवा तिथून हॉस्पिटलला नेल्यावर वारले. त्यातल्या एका केसमध्ये घरच्यांनी बॉडी घ्यायलाच नकार दिला. परदेशी म्हणून ठेवलं होतं ना, मग बांगलादेशात पाठवा बॉडी, नाहीतर भारतीय होता असं लिहून द्या. प्रशासनाकडे याला उत्तर नव्हतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने सांगितलं की जेलच्या आत डिटेन्शन सेंटर चालवणं बस झालं, बाहेर काढा, भाड्याने बिल्डिंग घ्यावी लागली तर घ्या. केंद्राच्या जुन्या सूचना पण तशाच होत्या, जेलच्या बाहेर ठेवा म्हणून. आणि जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय गृहखात्याने मॉडेल मॅन्युअल काढलं होतं ते वाचलं तर छान वाटतं एकदम. हवेशीर उजेडाच्या खोल्या, जनरेटर, पिण्याचं पाणी, वाहत्या पाण्याची पुरेशी टॉयलेट, किचन, दवाखाना, मुलांसाठी पाळणाघर, फिरायला मोकळी जागा, कुटुंबाची ताटातूट करू नका. म्हणजे माटिया उभं राहिलं तेव्हा मोजपट्टी सरकारने स्वतःच तयार ठेवली होती.

म्हणून जुलै २०२४ चा रिपोर्ट एवढा लागतो. जुन्या जेलमध्ये पाणी कमी पडलं तर म्हणता येतं की ब्रिटिशांच्या वेळची बिल्डिंग आहे, गर्दी आहे, काय करणार. इथे बिल्डिंग कोरी करकरीत. गर्दी म्हणाल तर पुढे जानेवारी २०२५ मध्ये कोर्टासमोर जो आकडा होता तो २७० चा. तीन हजारांच्या कॅम्पमध्ये तीनशेही नाहीत आणि तरी पाणी पुरत नाही, टॉयलेट नीट नाहीत! गर्दीचं कारण पुढे करायला तोंडच उरलं नाही. मला विचाराल तर हा प्रश्न बांधकामाचा कमी आणि रोजच्या देखभालीचा जास्त आहे. पंप कोण चालू करतो, टाकी कोण धुतो, चोकअप झालं तर कुणाला फोन करायचा आणि त्याचं बिल कोण पास करतो. ४६ कोटींचं उद्घाटन करायला सगळे येतात, प्लंबरच्या बिलावर सही करायला कुणी नसतं. आपल्या सरकारी हॉस्टेलांची पण हीच रड आहे.

आता हे इन्स्पेक्शन कुणी केलं? आसाम राज्य विधी सेवा प्राधिकरणाने. गरिबांना फुकट वकील देणारं, लोकअदालत भरवणारं, आपल्याकडेही आहे तेच. या केसची (ही मंदर यांच्या केसहून वेगळी) मूळ याचिका खरं तर पाण्याची नव्हतीच. दोन वर्षांपेक्षा जास्त दिवस आत असलेल्यांना सोडा अशी होती. कोर्टाने म्हटलं, आधी बघून सांगा असे किती आहेत. प्राधिकरणाच्या माहितीवरून १७ जण परदेशी घोषित केलेले निघाले, त्यातले चौघे दोन वर्षांहून जास्त काळ आत, आणि १६ मे २०२४ ला कोर्टाने केंद्राला सांगितलं की यांच्यावर गुन्हा नाही काही नाही, लवकर पाठवायची पावलं उचला. म्हणजे डोकी मोजायला माणूस पाठवला आणि नंतर त्याच्याकडूनच पाणी-संडासाची हकीकत आली.

प्राधिकरणाचा सचिव हा न्यायिक अधिकारी असतो हे इथे फार कामाला आलं. गृहखात्याचा माणूस नाही, जेल खात्याचा नाही, त्याचं प्रमोशन त्या कॅम्पच्या साहेबाच्या साहेबाकडे अडकलेलं नाही. एनजीओवाला पण नाही, म्हणजे "यांचा अजेंडा आहे" म्हणून उडवून लावता येत नाही. आणि त्याचा रिपोर्ट थेट बेंचसमोर, ज्याची पुढची तारीख ठरलेली आहे. मंदर यांचा रिपोर्ट माझ्या मते जास्त खोल होता, माणसांच्या बाबतीत तर नक्कीच. पण खोल रिपोर्ट आयोगाच्या फाइलीत आणि साधा रिपोर्ट कोर्टाच्या बोर्डावर, यात साधा रिपोर्ट जिंकला.

त्या पहिल्या रिपोर्टमधून जेवण कसं काय सुटलं यावर मी बराच विचार केला, कारण इन्स्पेक्शन टीमबरोबर एका निवासी संस्थेत जायचं काम मी केलंय (आसाममध्ये नाही, इकडेच, आणि संस्थेचं नाव सांगत नाही). तिथे कळतं की जे विचारायचं ठरवून जात नाही ते दिसतच नाही. साहेब येणार म्हणून शाळेत सडा-रांगोळी आणि पोरांना इस्त्रीचे कपडे, तोच प्रकार. ऑफिसमध्ये आधी चहा-बिस्किट, मग रजिस्टरं पुढे, मग अधीक्षकांसोबत राउंड, आणि राउंडमध्ये ते दाखवतील तेवढंच. सकाळी अकराला गेलं तर नळाला पाणी असतंच, पाण्याची खरी मारामारी पहाटे साडेपाच-सहाला असते जेव्हा सगळ्यांना एकदम संडासला जायचं असतं. तेव्हा कुणी इन्स्पेक्शनला जात नाही.

मग कुठे बघायचं? साबण वाटपाचं रजिस्टर बघा. आमच्यासमोर एक आलं होतं त्यात वर्षभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाने केलेल्या, अंगठ्यांचे ठसे सुद्धा एकसारखे. संडासाला आतून कडी आहे का बघा, बायकांच्या बाजूला तर नक्कीच. बादल्या किती आणि माणसं किती. आजारपणाचं रजिस्टर आणि औषधांचं रजिस्टर शेजारी ठेवून तारखा जुळतात का बघा. डाळीच्या पातेल्यात पळी तळापर्यंत घालून वर काढा. भिंतीवर मेनू लिहिलेला असतो तो वाचू नका, काल रात्री काय खाल्लं ते पाच जणांना वेगवेगळं विचारा. आणि हे विचारताना स्टाफ ऐकू येण्याच्या अंतरावर नको, यावर मात्र अडून बसावं लागतं, कारण "सुरक्षेसाठी" म्हणून कुणीतरी शेजारी उभं राहतंच.

माटियात यात अजून एक गुंता आहे, बोलायचं कुठल्या भाषेत. आत बंगाली बोलणारे आसामचे लोक आहेत, म्यानमारचे रोहिंग्या आहेत, म्यानमारचेच चिन जमातीचे लोक आहेत. गेटवरचा शिपाई दुभाष्या झाला की संपलंच इन्स्पेक्शन. तक्रार शिपायाची आणि ती सांगणार शिपाईच.

सप्टेंबर २०२४ मध्ये कॅम्पमधल्या शंभरहून जास्त रोहिंग्या आणि चिन लोकांनी उपोषण केलं. यातल्या बऱ्याच जणांवर विनापरवाना प्रवेशाचा गुन्हा होता, शिक्षा भोगून झाली होती, पण म्यानमारला पाठवणार कसं, तिथे यादवी चालू, म्हणून सुटल्यावर थेट माटिया. त्यांची मागणी काय होती बघा. आम्हाला दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे द्या आणि तिसऱ्या देशात जायची सोय करा. राहणीमानाच्या तक्रारी होत्याच, पण मुख्य मागणी बाहेर कधी पडणार हीच. पाणी, संडास, जेवण हे सगळं इन्स्पेक्टर बघू शकतो, "कधी" हे त्याच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्ट अजून एक पायरी पुढे गेलं. प्राधिकरणाच्या लोकांनी आता कुणालाही न कळवता जायचं, सरप्राइज व्हिजिट, आणि स्वच्छता, जेवणाचा दर्जा स्वतः बघायचा. सरळ आहे, कळवून गेलं की रांगोळी दिसते. पण सरप्राइज व्हिजिट म्हणजे जादूची कांडी नाही हेही खरंय. वीस फुटी भिंतीच्या गेटवर ओळखपत्र दाखवून, रजिस्टरला नोंद करून, वरच्या साहेबाला फोन होऊन आत सोडेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला की आत कळलेलं असतंच. तेवढ्या वेळात फिनेल मारता येतं, नवीन संडास बांधता येत नाही एवढाच फायदा. तो फायदा पण कमी नाही, न कळवता गेलं की बिल्डिंगचं खोटं दडवता येत नाही, फार तर वासाचं दडवता येतं.

पुढच्या तारखांना केसचा सगळा रोख हळूहळू बदलत गेला. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने विचारलं की हे २७० लोक आत का आहेत आणि पाठवायला काय केलं ते सांगा, आसामचं शपथपत्र धड नव्हतं म्हणून मुख्य सचिवांना बोलावलं. ४ फेब्रुवारी २०२५ ला न्या. ओक आणि न्या. उज्जल भुइयां यांच्यासमोर राज्याने सांगितलं की ६३ जणांना पाठवता येत नाही कारण परदेशातला पत्ता माहीत नाही. तेव्हा कोर्टाने ते गाजलेलं विचारलं, मुहूर्ताची वाट बघताय का? पत्ता नसला तरी देश माहीत आहे ना, त्या देशाची राजधानी माहीत आहे ना, तिथे पाठवा. न्या. ओक मूळचे ठाण्याचे, ठाणे जिल्हा कोर्टात वकिली सुरू केलेले, आणि मुहूर्त हा शब्द त्यांच्या तोंडी ऐकून इकडे बऱ्याच जणांना मजा वाटली.

मला तितकीशी वाटली नाही. कोर्टाचा वैताग समजतो, एकतर पाठवा नाहीतर सोडा, विनाकारण कोंडून ठेवू नका, कलम २१ परदेशी माणसालाही लागू आहे, बरोबरच आहे. पण जो माणूस म्हणतोय मी इथलाच आहे त्याच्यासाठी "राजधानीला पाठवा" हे उत्तर होत नाही. दोन वर्षांवर आत असलेल्यांना बाहेर काढा म्हणून सुरू झालेली केस, मध्ये पाणी-संडास आला, आणि शेवटी लवकर हद्दपार करा इथे पोचली. आतल्या माणसाच्या बाजूने बघितलं तर नळाच्या पाण्याचा प्रश्न कोर्टात आला तोही याच केसमधून आणि सीमेपलीकडे ढकलले जाण्याची भीती वाढली तीही याच केसमधून. मे २०२५ मध्ये आसाममध्ये परदेशी घोषित केलेल्या लोकांना घरून उचलून, काहींना माटियातून, बांगलादेश सीमेवर ढकलल्याच्या बातम्या आल्या, त्यात ज्यांच्या केसेस अजून कोर्टात चालू होत्या असे लोकही होते, आणि राज्य सरकार फेब्रुवारीच्या त्या आदेशाकडेच बोट दाखवत होतं. त्याच महिन्यात न्या. ओक निवृत्त झाले.

फेब्रुवारीच्या आदेशातली एक गोष्ट मात्र बातम्यांत मुहूर्ताखाली दबली. कोर्टाने राज्याला सांगितलं की अधिकाऱ्यांची एक कमिटी करा, तिने दर १५ दिवसांनी ट्रान्झिट कॅम्पला भेट द्यायची आणि सोयी नीट आहेत ना ते बघायचं. पंधरा दिवस हे अंतर चांगलं आहे, महिन्यात दोनदा कुणी येणार म्हटलं की टाकी धुवावीच लागते. पण कमिटी कुणाची? राज्य सरकारचीच. ज्याचा कॅम्प त्याचीच कमिटी. प्राधिकरणाच्या सचिवाकडून कोर्टाला जे मिळालं ते स्वतःच्याच खात्याच्या माणसांकडून मिळेल का, शंका आहे. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही, त्यामुळे त्याच्या पुढचा जो जोडकरार आहे, ज्यात बाहेरच्या स्वतंत्र टीमला कुठल्याही कोठडीत न कळवता जाता येतं, तो तर लांबच. म्हणजे आपल्याकडे असं इन्स्पेक्शन कुणा एका बेंचच्या मनात आलं तर होतं, आणि बेंच बदललं की पुढे काय ते रामभरोसे.

इकडे काय? गोव्यात म्हापशाला जुन्या जेलमध्ये मे २०१९ पासून डिटेन्शन सेंटर आहे, शिक्षा संपलेले आणि परत पाठवायची वाट बघणारे परदेशी तिथे ठेवतात. नवी मुंबईत नेरूळला २०१९ मध्ये जागा बघितली होती, सिडकोकडे प्लॉट मागितला होता, मग सरकार बदललं आणि उद्धव ठाकरेंनी महाराष्ट्रात सेंटर होऊ देणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हा लोकांना वाटलं विषय संपला. पण सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशनचा नवीन कायदा लागू झालाय आणि त्याखालच्या आदेशात प्रत्येक राज्याने होल्डिंग सेंटर किंवा डिटेन्शन कॅम्प उभारायचे म्हटलंय.

तेव्हा हे आपल्याकडेही येणारच, आलंय पण काही ठिकाणी. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बहुतेक जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस, जेल व्हिजिट ते करतातच, पॅरालीगल व्हॉलंटियर असतात. होल्डिंग सेंटरसाठी त्यांना वेगळा आदेश मिळेपर्यंत थांबायची गरज मला तरी दिसत नाही. जेल व्हिजिटच्या यादीत अजून एक पत्ता टाकायचा, सोबत बंगाली येणारा एक बाहेरचा माणूस घ्यायचा, आणि सकाळी सहाला जायचं. रिपोर्टची एक कॉपी हायकोर्टाच्या लीगल सर्व्हिसेस कमिटीला लावायची, म्हणजे निदान आवक-जावक नंबर तरी पडतो आणि सहा महिन्यांनी माहिती अधिकारात तो नंबर टाकून विचारता येतं की पुढे काय केलं.